दुसऱ्या महिन्यातलं पाकीट

सर उजव्या गालाची दाढी सकाळी करत आणि डाव्या गालाची संध्याकाळी. असं चार महिने चाललं होतं. त्यामुळे दिवसभर त्यांचा एक गाल गुळगुळीत आणि दुसरा खरखरीत दिसे. नव्या पेशंटला वाटे, बिचारे डॉक्टर कुठल्यातरी तातडीच्या केससाठी दाढी अर्धी टाकून धावत आले. वस्तरा ते मुद्दाम बोथट वापरत, कापावं म्हणून. कापलं की आरशाशेजारच्या कागदावर वेळ लिहीत, खपली पडली की पुन्हा वेळ लिहीत. सकाळच्या जखमा लवकर भरतात असं त्यांना वाटायला लागलं आणि पुढचा सगळा प्रकार तिथून सुरू झाला.

मी तेव्हा बंगळूरच्या चामराजपेटमधल्या एका लहानशा दवाखान्यात त्यांच्या हाताखाली काम करत होते. दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, एक फ्रिज आणि एक स्टीलचं कपाट होतं. त्याला संशोधन विभाग म्हणत. सर मूळचे निपाणीकडचे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. हात थोडा थरथरायला लागल्यावर त्यांनी सुरी स्वतःहून खाली ठेवली होती आणि त्याचं दुःख केलेलं मी कधी ऐकलं नाही. "थरथरतो की नाही ते मोजलं, थरथरत होता, सोडलं," एवढंच ते सांगत.

बंगळूरमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारी माणसं घराबाहेर फार नव्हती. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीत झालं. सर मराठीत बोलले म्हणून मी ती नोकरी घेतली असं म्हटलं तर ते हसले असते आणि म्हणाले असते, "हे तू कसं तपासलंस?"

त्यांच्याकडे एक पद्धत होती. कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर लिहायचं की काय दिसलं तर मी माझी कल्पना सोडून देईन. कागद पाकिटात घालायचा, चिकटवायचा, वर तारीख घालायची, पाकीट कपाटात. प्रयोग संपला की सगळ्यांसमोर उघडायचं. "माणूस नंतर पलटतो," ते म्हणत. "निकाल आला की म्हणतो, मला हेच म्हणायचं होतं. पाकीट पलटत नाही."

दर शनिवारी सभा असे. तिला आम्ही आपसात खाटीकखाना म्हणत असू, आणि ते सरांना माहीत होतं, आवडतही होतं. प्रत्येकाने एक नवी कल्पना मांडायची आणि बाकीच्यांनी ती मारायची. मधुमेह्यांच्या पायाला मुंग्या येतात त्यावर तळव्याला बर्फ चोळून बघू या, पट्टीचा रंग बदलून बघू या, काहीही. सरांची स्वतःची कल्पना मेली की ते मोठ्याने टाळी वाजवत. "गेली! बरं झालं, जागा झाली." मग कॉफी यायची. दीड वर्षात मी त्या सभेत एकदाही तोंड उघडलं नाही. सर आग्रह करत नसत. माझ्या पाळीला थांबत, पाच सेकंद बघत आणि पुढे जात. ते पाच सेकंद मला आठवडाभर पुरत.

ही पद्धत दवाखान्यापुरती राहिली असती तर ठीक होतं. आमच्यातली एक डॉक्टर लग्नाची पत्रिका घेऊन आली. सरांनी पत्रिका वाचली, पेढा खाल्ला आणि ड्रॉवरमधून पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "लिहून टाक की. काय झालं तर तू मानशील की हे लग्न फसलं?" ती आधी हसली. मग तिला कळलं की ते खरंच विचारत आहेत. ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

"मी काय वाईट विचारलं?" सर मला म्हणाले. "आमच्या वेळेला कोणी विचारलं नाही. पंचवीस वर्षं दोघंही म्हणत होतो, अजून बघू, अजून बघू." त्यांच्या पत्नी म्हैसूरला राहायच्या. त्याबद्दल ते इतकंच बोलले, आणि ते असं बोलले की जणू नमुना खराब निघाला.

तर तो प्रयोग. मधुमेहाने पायाला जखम झालेले पेशंट, ड्रेसिंग एकच, औषध एकच. फक्त निम्म्यांचं ड्रेसिंग सकाळी, निम्म्यांचं संध्याकाळी. शरीरातल्या घड्याळाप्रमाणे कातडी सकाळी जास्त जोमाने भरून येते, असं सरांचं गृहीतक होतं. पेशंटना हे समजावून सांगितलं, त्यांनी सह्या केल्या. कोण सकाळी आणि कोण संध्याकाळी हे चिठ्ठीवर ठरे. सिस्टर स्टीलचा डबा पुढे करायची आणि पेशंट स्वतः चिठ्ठी उचलायचे.

सिस्टर दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कडा पेनाने गिरवायची. कागदावर फक्त नंबर. तो माझ्याकडे यायचा. मी तो चौकटीच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. कुठला नंबर सकाळचा, कुठला संध्याकाळचा, हे मला कळता कामा नये, कारण कळलं तर माझा हात नकळत एखादा चौकोन इकडचा तिकडे करेल. म्हणून मी पेशंटशी बोलायचं नाही. माझ्या टेबलासमोर काचेची खिडकी होती, तिच्यातून बाहेरचा पॅसेज दिसायचा. सरांनी स्वतः स्टुलावर चढून तिला जुनी कन्नड वर्तमानपत्रं चिकटवली. खुर्चीत बसल्यावर मला काही दिसू नये इतक्या उंचीपर्यंत त्यांनी नीट मोजून कागद लावला.

मी उभी राहू शकते हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

चौकोन मोजून मान दुखली की मी उभी राहायचे. सकाळी पॅसेज भरलेला असायचा. ओपीडीची गर्दी, टोकन, आणि ड्रेसिंग झाल्यावर पुन्हा औषधाच्या खिडकीची रांग. दोन दोन, अडीच अडीच तास. तिथे समोरासमोर दोन लांब बाकं होती. पायाला पट्टी असलेले लोक एका बाकावर बसायचे आणि पाय समोरच्या बाकावर ठेवायचे. कोणी वर्तमानपत्र वाचायचं, कोणी झोपायचं, कोणी डॉक्टरांच्या नावाने खडे फोडायचं. संध्याकाळची वेळ मात्र खास या प्रयोगासाठी उघडली होती. गर्दी नाही, रांग नाही. पेशंट यायचे, दहा मिनिटांत ड्रेसिंग, औषध हातात, आणि आपापल्या दुकानाकडे, गाड्याकडे, उभ्याच्या कामाकडे परत.

त्या संध्याकाळच्या लोकांत अक्का होती.

अक्काचं शिलाईचं दुकान माझ्या खोलीच्या गल्लीतच होतं. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून बंगळूरमध्ये, पण घरात मराठी. माझे ब्लाऊज ती शिवायची. "इकडं ये गं, स्वल्प सरळ उभी राहा, किती वाकतेस! कोणी मारलं काय तुला?" अशी ती मापं घ्यायची. तिचं पायाने चालवायचं जुनं मशीन होतं, मोटर लावायला ती तयार नव्हती. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तिला जखम होती, म्हणजे बरोबर जिथे मशीनचं पायडल दाबायचं तिथे. साडेपाचला ती दवाखान्याच्या पायऱ्या चढायची आणि पावणेसहाला उतरायची. सहाला गल्लीत मशीनचा आवाज पुन्हा सुरू. पायावर भार देऊ नका असा छापील कागद सगळ्यांना दिलेला होता. अक्काने तो मशीनच्या खणात ठेवला होता.

ती पेशंट झाल्यावर मी तिच्या दुकानात जायचं बंद केलं. माझा एक ब्लाऊज तिच्याकडे अर्धवट राहिला होता. मी मागच्या गल्लीने जायला लागले.

दुसऱ्या महिन्यात माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. उद्या सकाळचे पाय लवकर बरे झाले, तर ते सकाळमुळे की बाकामुळे? सकाळच्या लोकांना आपण नकळत दोन तास पाय वर करून बसवतो आहोत. संध्याकाळच्यांना दहा मिनिटांत उभं करतो आहोत. घड्याळाचा संबंध असेल किंवा नसेल. बाकाचा असू शकतो.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे स्वतःची कल्पना होती. ती सांगायचं वाक्य मी चार दिवस पाठ केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पाचव्या दिवशी सरांच्या दारात उभी राहिले.

"सर, मला एक—"

त्यांनी तळवा वर केला. "थांब. चालू प्रयोगाबद्दल आहे?"

"हो."

"मग सांगू नकोस." त्यांनी ड्रॉवर उघडला. "मी ऐकलं की मी सिस्टरशी वेगळं वागणार, सिस्टर पेशंटशी वेगळं वागणार, सगळं नासलं. लिही, चिकटव, तारीख घाल. शेवटच्या दिवशी उघडू."

"पण सर, पेशंटना..."

"कोणाला ताप आहे? पू झालाय? ते सिस्टर बघते, लगेच बाहेर काढते."

"नाही, तसं नाही."

"मग लिही की."

मी पाकीट घेतलं. इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मला राग आला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं. सरांच्या डोळ्यांत बघून बोलायचं नव्हतं, कोणी प्रश्न विचारणार नव्हतं, माझी कल्पना कोणी मारणार नव्हतं. चार ओळी लिहिल्या, जिभेने पाकीट ओलं केलं, चिकटवलं. त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी मसाला डोसा मागवला. ज्यांनी ही पद्धत काढली ते सर होते, पण ती माझ्यासारख्या मुलीच्या अंगाला जितकी बेतशीर बसली तितकी दुसऱ्या कोणाला बसली नसती.

पुढचे महिने मी चौकोन मोजत राहिले. काही नंबर आक्रसत गेले आणि बंद झाले. सतरा नंबर तसा नव्हता. त्याचा आकार काजूसारखा होता. आधी तो काजू थांबला, मग फुगला. सहाव्या महिन्यात सतराचा कागद आला नाही. सिस्टरने रकान्यात लिहिलं होतं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. त्याच आठवड्यात मी चुकून पुढच्या गल्लीने गेले. अक्काच्या मशीनवर तिची सून बसली होती. शेजारच्या दुकानदाराने न विचारताच सांगितलं की जंतू हाडापर्यंत गेले, अर्धं पाऊल काढलं.

मी दवाखान्यात जाऊन सतराचे सगळे कागद काढले आणि एकावर एक ठेवून खिडकीपाशी धरले, वर्तमानपत्राच्या वर, जिथून उजेड येत होता. मग परत फाईलला लावले. कोणाला काही बोलले नाही. अजून दोन महिने बाकी होते.

शेवटच्या शनिवारी पाकिटं उघडली. सरांच्या पाकिटात लिहिलं होतं, दोन्ही गटांत फरक दिसला नाही तर मी हरलो. फरक दिसला होता. सकाळचे पाय स्पष्टपणे लवकर भरले होते. सगळे उठून उभे राहिले. सरांचे दोन्ही गाल त्या दिवशी गुळगुळीत होते.

"एक राहिलंय," सर म्हणाले आणि माझं पाकीट फाडलं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग मनात पुन्हा वाचलं. बाहेर पॅसेजमध्ये गेले. आम्ही सगळे दारातून बघत होतो. ते बाकावर बसले, समोरच्या बाकावर पाय ठेवले, चपला काढल्या, पुन्हा पाय ठेवले. पाच मिनिटं तसेच बसून राहिले. आत आले ते टाळी वाजवतच.

"गेली! माझी गेली! अरे, घड्याळ नाही, बाक! बाक आहे ते!" त्यांनी पाकिटावरची तारीख सगळ्यांना दाखवली. "आणि ही पोरगी हे कधी लिहिते? दुसऱ्या महिन्यात. दुसऱ्या महिन्यात! तोंडातून शब्द नाही, आणि बघा."

मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. स्वतःची कल्पना दुसऱ्याने मारली म्हणून एवढा खूष होणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही. आता मी व्हाइटफील्डला काम करते, औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. तिथे लोक हरलेल्या आकड्यांची तोंडं पुसून त्यांना जिंकायला पाठवतात. सर तसे नव्हते. त्यांचा प्रामाणिकपणा खराच होता, आणि म्हणूनच त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सिस्टर मागे उभी होती. ती हळू म्हणाली, "दुसऱ्या महिन्यात ती अक्का चालत येत होती, सर."

"कुठली अक्का?"

"सतरा नंबर. ती शिवणकामवाली."

सर म्हणाले, "वाईट झालं. पण त्याचा याच्याशी संबंध आहे असं आपल्याला म्हणता येत नाही. एका पायावरून काही म्हणता येत नाही." आणि ते खरं होतं. शास्त्र म्हणून ते शंभर टक्के खरं होतं. मला आजही माहीत नाही की ती बसली असती तर पाऊल वाचलं असतं का. कदाचित नसतंच वाचलं. हे 'कदाचित' त्यांनीच मला शिकवलं.

मग ते फळ्याकडे वळले आणि नवा प्रयोग काढायला लागले. सगळ्यांचं ड्रेसिंग एकाच वेळी. निम्म्यांना नंतर दोन तास पाय वर करून बसवायचं, निम्म्यांना लगेच घरी. फळ्यावर सगळ्यात वर त्यांनी माझं नाव लिहिलं. "ही तुझी कल्पना. तूच चालव. काय दिसलं तर सोडशील ते लिहून आण."

"ज्यांना बसवायचं नाही," मी म्हणाले, "त्यांना मी काय सांगू?"

सभेत मी बोललेलं ते पहिलं वाक्य. सगळ्यांनी वळून पाहिलं. सरांना त्याचाही आनंद झाला.

"काही नाही सांगायचं. आत्तापर्यंत काय सांगत होतीस?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता येत नसे. त्यांनी फक्त विचारलं होतं.

"मला नको हा प्रयोग," मी म्हणाले.

"मग तुला कळणार कसं? उद्या दवाखान्या-दवाखान्यात सांगायचं असेल की बसवा रे यांना, तर कशाच्या जोरावर सांगणार? तुला वाटलं म्हणून?"

कॉफी आली. सगळे पेले घेऊन पॅसेजमध्ये गेले आणि बाकावर बसून बघायला लागले, हसायला लागले. सर माझ्याजवळ आले. ते आवाज खाली आणून बोलले, हे त्यांच्या दृष्टीने सांत्वन होतं.

"तुला त्या बाईचं लागलंय. बरं. पण त्यात तू काय धरून चालली आहेस बघ. की तिला सांगितलं असतं तर ती बसली असती. हे कोणी तपासलं? माझं म्हणणं आहे, नसती बसली. लग्नाचे दिवस, दुकानभर ब्लाऊज. दोन तास मशीन सोडून पाय वर करून बसते कोण? तुझ्या मनाला जे लागलंय ते एका न तपासलेल्या कल्पनेवर उभं आहे. जा, विचार तिला. आणि मला कळव."

मला वाटतं, त्यांना खरंच माझ्यावरचं ओझं उतरवायचं होतं. त्यांच्याकडे त्यासाठी एवढा एकच मार्ग होता.

मी रविवारी सकाळी गेले. सर बरोबर निघायला हवे होते मला. अक्काने मला हाकलावं, हात उडवून म्हणावं, जा गं, कोण बसतंय, एवढीच माझी इच्छा होती.

सून मशीनवर होती. अक्का दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर काजं करायचा ब्लाऊज.

"अय्यो, ये गं! आठ महिने ब्लाऊज पडलाय तुझा. लग्न होऊन गेलीस की काय आम्हाला न सांगता? आणि त्याच दवाखान्यात आहेस म्हणे. सिस्टर बोलली. ओळख दाखवायची नाही होय गं?"

"नियम होता, अक्का."

"सरी, सरी, असू दे. बस."

मी बसले नाही. इकडचं तिकडचं बोलले. पाय दुखतो का, रात्री झोप लागते का. मग विचारलं, "अक्का, तेव्हा कोणी सांगितलं असतं की पट्टी झाल्यावर तिथेच दोन तास पाय वर करून बसा, तर बसला असतात?"

"दोन तास?"

"हो. रोज."

तिने सुई ब्लाऊजमध्ये टोचून ठेवली. खरंच विचार केला तिने. सुनेकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"बसले असते की," ती म्हणाली. "ही शिवते की. तेव्हा मीच हात लावू देत नव्हते हिला, बिघडवेल म्हणून. कोणी डॉक्टरनं म्हटलं असतं तर दिलं असतं. आता दिवसभर बसूनच आहे मी, गं. दोन तास म्हणजे काय?"

सून खाली मान घालून शिवत होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"का विचारतेस?"

"असंच, अक्का."

"उंच झालीस की स्वल्प," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "का सरळ उभी राहिलीस आज? उभी राहा, माप घेऊन टाकते परत."

तिने खुर्चीतूनच टेप पसरली. तिला उठता येत नव्हतं म्हणून मी गुडघ्यावर बसले. तिने खांद्यांचं माप घेतलं, दंडाचं घेतलं, आकडे सुनेला सांगितले. मी निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत फोन वाजला. सर रविवारी कधी फोन करत नसत.

"काय म्हणाली गं?" त्यांनी विचारलं. आवाजात उत्सुकता होती, लहान मुलाच्या आवाजात असते तशी.

मागून मशीनचा आवाज येत होता. तो ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनभोवती हात धरला.

"दुकान बंद होतं, सर."

"मग उद्या जा," ते म्हणाले.